पाखराची मर्जी आणि आपली बैठक

अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यात, शहराचे नाव अहमदनगर होते त्या काळी, १९४२ च्या ऑगस्टपासून राष्ट्रीय सभेचे जे पुढारी स्थानबद्ध होते, त्यांत मौलाना अबुल कलाम आझाद हे एक होते. आणि त्या बंदिवासात त्यांनी जी पत्रे लिहिली व जी पुढे १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, त्यांत त्यांच्या खोलीच्या छतात घरटी करणाऱ्या चिमण्यांचा वृत्तान्त मोठ्या आस्थेने आलेला आहे. प्रथम त्यांनी या पाखरांशी रीतसर युद्ध पुकारले, छत्री उगारली, मग बांबू हाती घेतला, आणि काड्याकचऱ्याने भरलेली खोली पुन्हापुन्हा झाडून घेतली. परंतु चिमण्या हटेनात, तेव्हा त्यांनी तह केला. खोलीत दाणे टाकायचे, आपण निश्चल बसायचे, आणि पाखरांची भीड जसजशी चेपेल तसतसे त्यांच्यातले व आपल्यातले अंतर कमी होऊ द्यायचे, असा क्रम त्यांनी ठेवला. आणि अखेर ती पाखरे त्यांच्या अगदी निकट येऊन निःशंकपणे दाणे टिपू लागली.

लहान वन्य पक्ष्यांचे छायाचित्रण शिकू पाहणाऱ्या वाचकाला पहिला पाठ म्हणून मी हाच वृत्तान्त सांगतो, कारण त्यात कॅमेरा कोठेही नसला तरी या विद्येचे मर्म त्यात सगळे आले आहे. वाघ किंवा गवा यांच्याशी राखायचे अंतर माणूस आपल्या जिवाच्या धास्तीने ठरवतो. पण मूठभर वजनाच्या पाखराशी असलेले अंतर ते पाखरूच ठरवते, आणि ते कमी करण्याचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. आपण पुढे सरकून मिळवलेले चित्र आणि पाखरू आपल्याकडे आल्यामुळे मिळालेले चित्र ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिली, तर पहिल्यात ताठलेली मान, अंगाशी घट्ट आवळलेली पिसे आणि उडण्याच्या तयारीत दुमडलेले पाय दिसतात, आणि दुसऱ्यात एक जीव आपल्या संसारात मग्न असलेला दिसतो. पुढे जे काही सांगणार आहे ते सारे या दुसऱ्या चित्राकडे कसे पोहोचावे याविषयीचे आहे.

मुलूख आणि मोसम

आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक. आणि या विस्तारात निसर्गाची जी विविधता आहे, ती छायाचित्रकाराने आपल्या कामाचा नकाशा म्हणून आधी मनात ठसवून घ्यावी. पश्चिमेकडे अकोले तालुक्यात १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, हरिश्चंद्रगड, रतनवाडी आणि भंडारदऱ्याचा जलाशय. हा धो धो पावसाचा, कातळाचा आणि दाट झाडीचा मुलूख असून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य याच भागात आहे. मध्यभागी प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या कालव्यांवर पोसलेली उसाची व फळबागांची हिरवी पट्टी. ईशान्येस शेवगाव आणि नेवासे तालुक्यांच्या कडेला जायकवाडीचा नाथसागर, जो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. आणि दक्षिणेकडे कर्जत, जामखेड, श्रीगोंदे या बाजूंना पर्जन्यछायेतला तो विस्तीर्ण, कोरडा, कुसळी गवताचा आणि हिवर-बाभळींचा माळ, ज्याला परका माणूस ओसाड म्हणून मोकळा होतो. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी राखलेले अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरांचे आहे. पण काळवीट पाहायला गेलेल्या मनुष्याने जमिनीकडे नजर वळवली, तर ज्या गवतात काळवीट चरते त्याच गवताच्या बुडाशी चंडोलांचे आणि तीरचिमण्यांचे एक स्वतंत्र राज्य नांदत असलेले त्याला आढळेल.

नवशिक्याने आरंभ माळापासून करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. झाडीत उजेड थोडा, फांद्यांचा अडसर फार, आणि पाखरू दिसते न दिसते तोच पानाआड होते. माळावर मात्र उजेड मुबलक, दृष्टी लांबवर पोहोचणारी, आणि पक्ष्यांचे व्यवहार उघड्यावर चाललेले. हिवाळ्यात, म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंत, उत्तरेकडून आलेले पाहुणे याच माळांवर आणि ज्वारीच्या शेतांत उतरतात: धोबी, गप्पीदास, शेपटी सतत थरथरवणारा थरथऱ्या, कणसांवर झुंबड करणारे भारीट आणि भोरड्यांचे थवे. फाल्गुन-चैत्रात पळस, पांगारा आणि रुई फुलली की शिंजीर त्यांच्याभोवती पिंगा घालू लागतात. पावसाळ्यात विहिरीवर लोंबणाऱ्या बाभळीच्या डहाळ्यांना सुगरणींची वसाहत लटकते आणि अकोल्याच्या खडकाळ उतारांवर तुरेवाला युवराज गाऊ लागतो. म्हणजे बारा महिन्यांत एकही महिना या विद्येस निरुपयोगी नाही. निरुपयोगी असते ती दिवसातली वेळ. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहाच्या पुढे माळावरची तापलेली हवा थरथरू लागते आणि त्या मृगजळी थरथराटातून कितीही महागड्या लेन्सने घेतलेले चित्र धूसरच येते. तेव्हा सूर्योदयापासूनचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा दीड तास एवढीच खरी कामाची वेळ. मधला काळ सावलीत बसून निरीक्षण करण्यासाठी राखावा.

आधी ओळख, मग छबी

ज्या पाखराची छबी टिपायची त्याची आधी ओळख व्हावी लागते, आणि ही ओळख पुस्तकातील चित्र पाहून होत नाही. पहिल्या आठवड्यात कॅमेरा घरी ठेवून दुर्बीण, वही आणि पेन्सिल एवढेच घेऊन एकाच जागी रोज जावे, आणि कोणते पाखरू कोठे बसते, कोठून येते, किती वेळाने त्याच फांदीवर परतते याचा रोजनामा लिहावा. पक्षी आपल्याला वाटतात तितके स्वैर नसतात. गप्पीदास, खाटीक, वेडा राघू, नाचण यांची बसण्याची ठिकाणे ठरलेली असतात. वेडा राघू तारेवरून झेपावतो, हवेत माशी टिपतो आणि बहुधा पुन्हा त्याच तारेवर, पुष्कळदा त्याच वीतभर जागेवर, येऊन माशी आपटतो. हा शिरस्ता एकदा ध्यानात आला की पक्ष्यामागे धावण्याचे कारण उरत नाही. त्या वीतभर जागेवर लेन्स रोखून बसावे, पाखरू आपल्या वेळेला हजर होते.

माळावरच्या माझ्या सर्वांत आवडत्या पाखराचे उदाहरण देतो. डोंबारी हा चिमणीहूनही लहान असा एक चंडोल आहे. मादी मातीच्या रंगाची, इतकी की ढेकळांतून चालताना ढेकूळच चालत असल्याचा भास व्हावा, आणि नराचे डोके राखी, गाल पांढुरके, तर हनुवटीपासून पोटापर्यंतचा खालचा भाग काळाभोर. विणीच्या दिवसांत हा नर जमिनीवरून फडफडत उंच चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, आता आपटणार असे वाटते तोच त्या वेगाच्याच बळावर वर वळतो, आणि अशा चढउतारांच्या पायऱ्या करीत, एक गोड लांबट शीळ घालीत, अखेर एखाद्या दगडावर वा ढेकळावर उतरतो. दोरीवर कसरत करणाऱ्या डोंबाऱ्याचे नाव त्याला मिळाले ते उगीच नव्हे. नवशिका छायाचित्रकार या कसरतीच्या मागे लेन्स फिरवीत राहतो आणि त्याच्या हाती रिकामे आकाश येते. पण चार दिवस नुसते पाहणाऱ्याला कळून चुकते की हा गडी बहुतेक वेळा त्याच दोन-तीन दगडांवर उतरतो, उतरल्यावर क्षणभर पंख सावरतो आणि मान उंच करून आजूबाजूस पाहतो. तो क्षण छायाचित्राचा.

साधनांविषयी थोडे

साधनांची चर्चा या विषयात वाजवीपेक्षा जास्त होते, म्हणून मी ती आटोपशीर करतो. लहान पक्ष्यांसाठी ३०० मिलिमीटरांहून कमी लेन्स अपुरी पडते. ४०० ते ६०० मिलिमीटर ही सोयीची मर्यादा. एक हिशेब लक्षात ठेवावा. दहा सेंटिमीटर लांबीचा शिंजीर सहा मीटरांवर बसला असता ५०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर सुमारे आठ मिलिमीटर पडते, म्हणजे पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी; तोच बारा मीटरांवर असेल तर निम्मी. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, सहा मीटर आणि बारा मीटर यांतला फरक लेन्सने भरून काढायचा तर तिची लांबी दुप्पट करावी लागते, आपल्या बैठकीने मात्र तो सहज भरून निघतो. आणि दोन, साधी लेन्स असलेल्याने निराश होण्याचे काही कारण नाही, कारण संयमाने मिळवलेला प्रत्येक मीटर त्याच्या लेन्सची लांबी वाढवीत असतो.

माळावर ट्रायपॉडपेक्षा धान्याची पिशवी अधिक उपयोगी. जाड खादीची, उशीच्या आकाराची पिशवी शिवून तीत दोन-अडीच किलो बाजरी भरावी, तोंड पक्के शिवावे, आणि ती बांधावर, दगडावर किंवा गाडीच्या खिडकीवर ठेवून तीवर लेन्स टेकवावी. बाजरीचा दाणा बारीक असल्याने पिशवी लेन्सच्या आकारात बसते आणि हाताची थरथर पुष्कळ कमी होते. कपडे मातकट, खाकी किंवा मळकट हिरवे असावेत. पांढरा सदरा आणि पांढरी टोपी ही आपल्याकडच्या उन्हाला सोयीची असली तरी पाखराच्या नजरेला ती दूरवरून खुपतात. कॅमेऱ्यात आवाज न करणारे शटर असेल तर ते चालू ठेवावे, आणि फ्लॅश घरीच ठेवावा.

बैठक

आता मुख्य गोष्ट. पाखराला मनुष्याची उभी आकृती, सरळ रेषेत आपल्या रोखाने येणारी चाल आणि त्याच्याकडे रोखलेले डोळे या तीन गोष्टींचे भय वाटते, म्हणून या तिन्ही टाळाव्या. जागा आधी हेरून पाखरू येण्यापूर्वीच तेथे जाऊन बसावे. आधीच आलेल्या पाखराकडे जावे लागलेच, तर तिरकस चालीने, मध्येच दुसरीकडे पाहत, वाकून, आणि शेवटचे काही मीटर बसून किंवा पोटावर सरकत जावे. ते मान वर करून थबकले की आपणही थबकावे, आणि ते पुन्हा दाणे टिपू लागले तरच पुढे सरकावे. पोटावर पडून टिपण्याचा दुसरा लाभ असा की लेन्स पाखराच्या डोळ्याच्या उंचीवर येते. उभ्याने खाली पाहून घेतलेल्या चित्रात चंडोल जमिनीवर पडलेल्या वस्तूसारखा दिसतो, आणि त्याच्या उंचीवरून घेतलेल्या चित्रात तो त्या माळाचा धनी दिसतो.

माळावर आपल्याला एक साहाय्य आहे, ज्याची कल्पना शहरी छायाचित्रकाराला सहसा नसते. १९०० साली इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी, ज्यांनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याचे एक अगदी आरंभीचे यशस्वी छायाचित्र घेतले होते, बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल तयार करवून त्याच्या पोटात बसून पक्षी टिपण्याची युक्ती योजली, कारण कुरणातले पक्षी बैलाला भीत नाहीत हे त्यांनी जाणले होते. आपल्या मुलखात त्या पोकळ बैलाची गरज नाही. कर्जतकडच्या माळावर मेंढरांचे कळप रोज फिरतात, आणि पिढ्यानपिढ्या त्यांच्या पायांतून किडे टिपणाऱ्या पाखरांना मेंढपाळ हा माळाचाच एक भाग वाटतो.

एका पौषातल्या सकाळी मी बांधाच्या आडोशाला बाजरीच्या पिशवीवर लेन्स टेकवून पडलो होतो. डोंबाऱ्यांचा एक लहानसा थवा चाळीस पावलांवर चरत होता आणि सव्वा तास होऊनही तो पंचवीस पावलांच्या आत येईना. मी मनात निराश होऊन उठण्याच्या बेतात असताना पलीकडून मेंढरांचा कळप आला, आणि मेंढरांच्या खुरांनी उधळलेल्या मातीत ती पाखरे उतरली, मेंढरे पुढे सरकली तशी त्यांच्या मागोमाग चालू लागली, आणि कळप माझ्या बांधाला वळसा घालून गेला तेव्हा एक नर माझ्यापासून नऊ पावलांवर उभा होता. त्याच्या चोचीच्या टोकाला चिकटलेला मातीचा कण मला लेन्समधून दिसत होता. कळपाबरोबरच्या आजोबांनी नंतर बांधावर टेकत मला विचारले, “काय घावलं का?” मी त्यांना चित्र दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही निस्तं पडून ऱ्हायलाव म्हनून घावलं. पळालं आसतं तर त्ये बी पळालं आसतं.” तेव्हापासून माळावर गेलो की मी आधी मेंढरे कोठे चालली आहेत हे विचारतो, मेंढपाळाची परवानगी घेतो आणि त्यांच्या वाटेवर पुढे जाऊन बसतो.

वाहन हाही एक उत्तम आडोसा आहे. रस्त्यालगतच्या तारेवर बसलेला वेडा राघू थांबलेल्या गाडीला भीत नाही, पण गाडीचे दार उघडताच उडतो. म्हणून गाडी दुरूनच बंद करून घसरत आणावी, आणि काच आधीच खाली करून ठेवावी. उन्हाळ्यात मातीची पसरट परात जमिनीत अर्धी गाडून, तीत दोन बोटे पाणी आणि मध्ये एक दगड ठेवला, आणि रोज ठरल्या वेळी ते भरले, तर आठ-पंधरा दिवसांत त्या पाण्यावर मुनिया, बुलबुल, चष्मेवाला आणि चीरक यांची हजेरी लागते. मात्र एक अट आहे: उन्हाळा संपेपर्यंत हे पाणी बंद करायचे नाही. चित्रे मिळाली म्हणून परात उचलणे म्हणजे पाखरांना सवय लावून त्यांचा विश्वासघात करणे होय.

उजेड, डोळा आणि पार्श्वभूमी

बैठक साधली की तंत्राचा भाग फारसा कठीण नाही. सूर्य आपल्या पाठीमागे ठेवावा, म्हणजे आपली सावली पाखराच्या रोखाने पडेल अशी जागा निवडावी. हे शिंजिराच्या बाबतीत तर अनिवार्य आहे, कारण जांभळ्या शिंजिराच्या नराचा तो चमकदार निळा-जांभळा रंग त्याच्या पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश परावर्तित होऊन उमटतो. उजेड समोरून पडला तर तो झळाळतो, आणि कोन चुकला तर तोच पक्षी काळा ठिक्कर दिसतो.

लहान पाखरे बसलेली असतानाही मान, शेपटी आणि पंख सतत हलवीत असतात, म्हणून बसलेल्या पक्ष्यासाठीही शटर १/१००० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये, नाचणासाठी १/१६०० आणि पाण्यावरून फिरणाऱ्या भिंगरीसाठी १/३२०० असावे. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर वाढवावा, कारण थोडा कणीदारपणा नंतर कमी करता येतो, हललेले चित्र मात्र सुधारत नाही. फोकस नेहमी डोळ्यावर असावा. पाच मीटरांवरून ५०० मिलिमीटरच्या लेन्सने एफ ५.६ ठेवून घेतलेल्या चित्रात स्पष्टतेची खोली जेमतेम तीन सेंटिमीटर असते, म्हणजे चोच आणि डोळा स्पष्ट येतील पण शेपटी अस्पष्ट होईल. आणि हे योग्यच आहे, कारण पाहणाऱ्याचे मन डोळ्याशी जडते. त्या डोळ्यात आकाशाचा एक उजळ ठिपका उमटला, पाखराने मान किंचित आपल्याकडे वळवली, की चित्रात प्राण आला असे समजावे.

काळ्या पक्ष्याच्या बाबतीत कॅमेरा फसतो. उन्हाने उजळलेल्या माळाची पार्श्वभूमी पाहून तो सगळे चित्र काळवंडवतो, आणि चीरकाच्या नराची काळी पिसे एक डाग होऊन जातात. अशा वेळी एक्स्पोजर अर्ध्या ते एक पायरीने वाढवावे. पांढऱ्या धोब्याच्या बाबतीत उलट करावे.

राहता राहिली पार्श्वभूमी, जिच्याकडे नवशिके दुर्लक्ष करतात. पाखराच्या मागे जवळच काट्यांचे जाळे असेल तर कोणतीही लेन्स त्याला पुसून टाकू शकत नाही. परंतु पाखरू आणि मागचे गवत यांत वीस-पंचवीस मीटर अंतर असेल तर तेच गवत एका मऊ पिवळसर पडद्यासारखे दिसते. कित्येकदा आपण दोन पावले डावीकडे सरकलो किंवा पोटावर पडलो एवढ्याने पार्श्वभूमी पालटते. पण पार्श्वभूमी स्वच्छ करण्यासाठी फांदी तोडू नये, काटा वाकवू नये, पान बांधू नये. हे मी एवढे निक्षून का सांगतो त्याचे कारण पुढे आले आहे.

घरटे: मनाईचा मुलूख

या विद्येच्या आरंभीच्या काळात, मला काही कळू लागले आहे असे मला वाटू लागले होते त्या दिवसांत, एका विहिरीलगतच्या झुडपात राखी वटवट्याचे घरटे मला सापडले. पाने शिवून केलेले ते इवलेसे घरटे पुढच्या दोन पानांआड झाकलेले होते, म्हणून ती पाने मी हलक्या हाताने बाजूला ओढून दोऱ्याने बांधली, मनात हे ठेवून की अर्ध्या तासाने सोडू. मादी आली, झुडपापाशी थबकली, परत गेली, पुन्हा आली. चोचीत अळी घेऊन ती चाळीस मिनिटे घरट्याभोवती फिरत राहिली आणि आत शिरली नाही. मी दोरा सोडला आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी घरटे रिकामे होते. ऊन लागून पिले मेली, की उघडे पडल्यामुळे भारद्वाजाने किंवा सापाने नेली, हे मला कधीच कळले नाही. चित्रे माझ्याजवळ होती. ती मी कोणाला दाखवली नाहीत.

म्हणून घरट्याचे छायाचित्रण पूर्णपणे वर्ज्य मानावे, असे मी प्रत्येक नवशिक्याला हात जोडून सांगतो. चंडोलांची घरटी तर उघड्या जमिनीवर, गवताच्या बुडाशी वा ढेकळाच्या आडोशाला असतात आणि त्यांच्याकडे जाणारी आपली पायवाटच कुत्र्याला आणि मुंगसाला वाट दाखवते. चोचीत चारा घेऊन एखादे पाखरू आपल्याभोवती फिरत ओरडत असेल, पण खाली उतरत नसेल, तर आपण घरट्यापाशी उभे आहोत हे ओळखून आल्या पावली मागे फिरावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानेही शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे अंतर्भूत केले आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने बंदूक आणि दोरा यांत मोठे अंतर नाही.

तोच नियम आवाजाच्या बाबतीत. हल्ली मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलावण्याची रीत पडली आहे. ती शीळ ऐकून येणारे पाखरू आपल्या हद्दीत परका नर शिरला या समजुतीने, क्रोधाने आणि धास्तीने येते. विणीच्या दिवसांत त्याचे चारा आणण्याचे, घरटे राखण्याचे अमोल क्षण त्या खोट्या लढाईत खर्ची पडतात. अशा रीतीने मिळालेल्या चित्रात पाखरू चोच उघडून गात असल्याचे दिसते, पण ते गाणे नसून तक्रार असते.

अभयारण्याच्या हद्दीत छायाचित्रण करायचे तर वनखात्याची परवानगी लागते; प्रवेशाच्या नाक्यावर रीतसर चौकशी करून, शुल्क भरून, पावती घेऊन आत जावे आणि वनरक्षकाने घालून दिलेल्या वाटा सोडू नयेत. गायरान किंवा खाजगी शेत असेल तर गावकऱ्याला व शेतमालकाला विचारून बसावे. दुर्मीळ पाखराची किंवा वसाहतीची नेमकी जागा चारचौघांत जाहीर करू नये, कारण एका छायाचित्रकाराला सोसणारे पाखरू पन्नास जणांना सोसत नाही. मात्र कोणता पक्षी कोणत्या तारखेस दिसला याची नोंद अवश्य ठेवावी. महाराष्ट्र शासनाने अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवसापासून डॉ. सालिम अली यांच्या १२ नोव्हेंबर या जन्मदिवसापर्यंत पक्षी सप्ताह पाळण्याची प्रथा घातली आहे. हिवाळी पाहुणे येऊन ठेपलेले असतात तो हाच काळ, तेव्हा नव्या वहीचा आरंभ या सप्ताहात करावा हे उत्तम.

परत फिरणे

कोठून आरंभ करावा असे कोणी विचारले तर मी चिमणी दाखवतो. आपल्या अंगणात किंवा खिडकीपाशी रोज ठरल्या वेळी बाजरीचे चार दाणे आणि वाटीभर पाणी ठेवावे, आणि पंधरा दिवस कॅमेऱ्याशिवाय समोर बसावे. सोळाव्या दिवशी कॅमेरा मांडीवर घ्यावा, विसाव्या दिवशी डोळ्याला लावावा. साधा मोबाइल असला तरी चालेल. जो मनुष्य अंगणातल्या चिमणीला आपल्याकडे येऊ देण्याइतका निश्चल बसू शकतो, त्याला माळावरचा डोंबारी आज ना उद्या भेटल्याशिवाय राहत नाही.

आणि चित्र मिळाल्यानंतरची एक गोष्ट शेवटी सांगायची राहिली. चित्र मिळाले म्हणजे आनंदाने ताडकन उठून उभे राहण्याचा मोह होतो, आणि दोन तास पाखराने दाखवलेला विश्वास त्या एका हालचालीने धुळीला मिळतो. उठायचे ते जसे आलो तसेच: लेन्स हळूच खाली घ्यावी, पोटावर मागे सरकावे, बांधाआड गेल्यावर बसावे, आणि दूर गेल्यावर मग उभे राहावे. त्या पौषातल्या सकाळी मी असाच मागे सरकलो, मेंढरांच्या वाटेवर येऊन उभा राहिलो आणि दुर्बीण डोळ्याला लावून बांधाकडे पाहिले. तो नर अजून त्याच जागी होता, आणि मी जेथे पडलो होतो तेथील दबलेल्या गवतात काहीतरी टिपीत होता. आपण निघून गेल्यावरही पाखरू आपल्या कामात राहिले असेल, तरच ते चित्र आपले झाले असे समजावे आणि वहीत त्याची नोंद करावी.